दगडाविना उभी राहिलेली गाडी

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्याकडे दोन पिचकाऱ्या आहेत. दोन्हींची तोंडं एका लांब नळीने जोडली आहेत आणि आत काठोकाठ पाणी भरलं आहे. तुम्ही इकडची दांडी दाबलीत, की तिकडची दांडी आपोआप बाहेर सरकते. मधे दोरी नाही, तार नाही, नुसतं पाणी. आता तिकडे पिचकारीच्या पुढे एका जीपगाडीचं चाक आणून ठेवा, इकडच्या दांडीवर एका माणसाचा पाय ठेवा आणि पाण्याच्या जागी तेल भरा. झाला ब्रेक! एवढं मोठं लोखंडी धूड उतारावर थांबतं ते वाटीभर तेलावर. आणि ते तेल निसटू नये म्हणून आत बोटाच्या टोकाएवढ्या काळ्या रबरी वाट्या बसवलेल्या असतात. त्या वाट्या तेवढ्या ध्यानात ठेवा. गोष्ट त्यांचीच आहे.

आता डोळे उघडू नका. एका डोंगराच्या खांद्यावरच्या गावात चला. घरं थोडकी, शेतं पायऱ्यापायऱ्यांची, माती तांबूस आणि चिकट. खाली लांबवर नदी. डॉक्टर, बाजार, गाड्यांचा मिस्त्री, सगळं नदीपलीकडे. आणि खाली-वर करायला गाडी एकच, मामाची जीप. मामा तरुण होता तेव्हाही ती जुनीच होती, म्हणून सगळं गाव तिला म्हातारी म्हणायचं.

भिंगरी या मामाची भाची. वडील कामासाठी दूरगावी, म्हणून आई, भिंगरी आणि तिचा तान्हा भाऊ मामाकडेच राहायचे. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलेलं.

म्हातारीची दुखणी गावाला तोंडपाठ होती. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली, की मामा अंगाच्या साबणाचा तुकडा मळून चिरेत बोटाने दाबायचा आणि गळती बंद व्हायची. भर उन्हात चढावर ती बंद पडली, की पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली म्हणायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि सगळ्यांनी सावलीत गप्पा मारत बसायचं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा भुगा साचला की गरम पाणी ओतायचं. एकाच दुखण्यावर औषध नव्हतं. हातब्रेकची तार कधीच तुटली होती आणि त्या दांड्याला मामा आपली पिशवी अडकवायचा.

म्हणून दगड. मामाचं अंगण विहिरीकडे उतरतं होतं. गाडी अंगणात आली की मामा ओरडायचा, "दगड!" आणि भिंगरी धावत जाऊन एक तिकोनी काळा दगड चाकाखाली सरकवायची. निघताना ओरडायचा, "सोड!" की ती दगड काढायची. दगड काढला की म्हातारी आधी एक हुंदका दिल्यासारखी हलायची आणि मग स्वतःच विहिरीकडे घरंगळायला लागायची. हे काम भिंगरीचं. दुसऱ्या कोणी दगडाला हात लावलेला तिला खपत नसे.

एका संध्याकाळी मामा नदीवरून वर आला तो कपाळाला आठ्या घालून.

"काय झालं?" शेजारच्या गिरणीवाल्याने विचारलं. गावाचं दळण दळणारा हा माणूस पिठाने नखशिखान्त पांढरा असायचा आणि त्याला दुसऱ्याच्या कामात बसून बोलायची फार हौस.

"ब्रेक मऊ लागतोय. एकदा दाबला तर ऐकत नाही. दोनदा विचारावं लागतं, मग हो म्हणते."

"माझ्या बायकोपेक्षा बरी. तिला चारदा विचारावं लागतं."

मामा हसला आणि गाडीखाली शिरला. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला ओल होती. ब्रेकच्या तेलाची छोटी कुपी जवळजवळ कोरडी पडली होती. मिस्त्रीने दिलेली बाटली झटकून पाहिली, तर तीही रिकामी.

"झालं! मिस्त्रीकडे जायचं तर ब्रेक हवा, आणि ब्रेकला मिस्त्रीचं तेल हवं."

"तेलच ना?" गिरणीवाला म्हणाला. "डबा आहे की!"

डबा म्हणजे समाईक डबा. तो मामाच्या पडवीत असायचा. त्या गावात तेलाचा थेंब वाया घालवायची रीत नव्हती. शिलाई मशीनची तळाशी उरलेली बाटली, गिरणीच्या इंजिनातून उपसलेलं काळं तेल, बैलगाडीच्या आसाचं जाड वंगण, जे उरेल ते ज्याने त्याने त्या डब्यात ओतायचं आणि ज्याला लागेल त्याने घ्यायचं. विहिरीचा रहाट, दाराची बिजागरी, कडबा कापायचं यंत्र, सगळं त्या डब्यावर चालायचं. आजवर त्या डब्याला कोणी नाही म्हटलं नव्हतं. मग ब्रेक तरी का म्हणेल?

"धर गं भिंगरे, नीट धर," मामा म्हणाला.

भिंगरीने डबा दोन्ही हातांनी धरला. तिच्या दोन बोटांवर काळ्या रबराच्या दोन वाट्या होत्या, टोप्या घातल्यासारख्या. मागे एकदा मिस्त्रीने ब्रेक खोलला तेव्हा जुन्या वाट्या काढून तिला खेळायला दिल्या होत्या. देताना म्हणाला होता, "जपून ठेव हं. ही बाई फार नाजूक पोटाची. हिला दुसरं काही पचत नाही." भिंगरीला वाटलं, मिस्त्री बाहुलीच्या जेवणाची चेष्टा करतोय.

डबा तिरका झाला आणि एक वाटी बोटावरून निसटून डब्यात पडली. डुबुक!

"मामा, माझी टोपी!"

"डब्यातलं कुठं पळून जातंय? मग काढू. आधी नीट धर म्हणतो ना!"

कुपी काठोकाठ भरली. रबराची टोपी कोणाच्या लक्षात राहिली नाही. भिंगरीच्याही नाही.

आणि गंमत बघा, ब्रेक सुधारला! एक-दोन दिवसांत चाकाची ओल सुकली. गळती आपोआप थांबली. मऊ लागणारा ब्रेक घट्ट झाला, पाय ठेवला की दगडावर ठेवल्यासारखा.

"बघितलंस?" मामा ज्याला त्याला पाय ठेवून दाखवायचा. "मिस्त्रीच्या बाटलीनं कधी असा बसला होता?"

"गावचं तेल आहे ते," गिरणीवाला छाती फुगवून म्हणायचा. "त्यात माझ्या इंजिनाचा घाम आहे."

ते दिवस विचित्र होते. पावसाचे दिवस नव्हते, तरी आभाळ खाली उतरून बसलं होतं. वारा पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. दुपारी गुरं चरायची सोडून एकाच बाजूला तोंड करून उभी राहायची. बोललेलं लांबवर ऐकू जायचं, म्हणून माणसं आपसूक हळू बोलायची.

अशाच एका दुपारी मामा गाडी घेऊन आला आणि "दगड!" म्हणून ओरडला. भिंगरी आत बाळाला झोका देत होती. तिला ऐकू गेलं नाही. मामा पाणी पिऊन, हातपाय धुऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं. चाकाखाली दगड नव्हता. गाडी उतारावर तशीच उभी होती. इंजिन बंद, गिअर मोकळा, आणि गाडी जागची हलली नव्हती.

"अगं, ये बाहेर! गंमत बघ!" मामाने टाळी वाजवली. "म्हातारी शहाणी झाली! आता नुसतं थांब म्हटलं की थांबते."

गिरणीवाला आला. त्याने मागून खांदा लावून ढकललं. गाडी अंगातल्या अंगात कुरकुरली, पण हलली नाही.

"भिंगरे, तुझी नोकरी गेली," गिरणीवाला म्हणाला. मामाने हसत हसत तो तिकोनी दगड उचलला आणि कुंपणापलीकडे टाकून दिला.

सगळे हसले. भिंगरीला हसू आलं नाही. ती गाडीकडे बघत राहिली. ही गाडी तिला पाठ होती. दगड काढल्यावर तिचा हुंदका, मग तिचं घरंगळणं. चाकं मोकळी असली की उतारावर गाडी जाणार, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या हातांना ठाऊक होतं.

"मामा," ती म्हणाली, "ती थांबली नाही. तिला कोणीतरी धरून ठेवलंय."

"कोणी गं? भुतानं?"

"मला काय माहीत? पण धरलंय."

"बाळाला झोका दे जा," आई दारातून म्हणाली. "भलतंसलतं बोलू नकोस, अंगावर काटा येतो."

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या भिंगरीला अंगणात काहीतरी टिक, टिक करताना ऐकू आलं. गरम लोखंड निवताना करतं तसं. गाडी तर दुपारपासून उभीच नव्हती का? नाही, संध्याकाळी मामा एक फेरी मारून आला होता. पण जवळच तर गेला होता, तळ्यापर्यंत. एवढं काय तापलं?

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी जड झाली. चढावर दम लागायला लागला. पेट्रोल दुप्पट प्यायला लागली. मामाने इंजिनाला सुळी द्यायचं तेवढं बाकी ठेवलं. प्लग काढून घासले. कार्ब्युरेटर फुंकून साफ केला. पंपावर ओलं फडकं बांधलं. हवेची जाळी धुतली.

"इंजिन थकलंय," तो शेवटी म्हणाला. "वयच झालं."

इंजिनाने काय बिघडवलं होतं हो? दुखणं पायाला, आणि लेप डोक्याला! पण मामालाही दोष कसा द्यायचा? ब्रेक इतका छान लागत होता, की तिकडे बघायचं कोणाच्या मनातच येत नव्हतं.

त्यातच बाळाचा कान फुटला. रात्रभर ते रडलं, सकाळी अंग तव्यासारखं. आईने त्याला कापडात गुंडाळलं.

"दादा, आजच डॉक्टरकडे न्यायला हवं."

"चल की. गिरणीवाल्यालाही खाली जायचंय."

गिरणीवाल्याचा जात्याचा दगड गुळगुळीत झाला होता. तो पाथरवटाकडे नेऊन खडबडीत करून आणायचा होता. चार माणसांनी फळ्या लावून तो भलामोठा गोल दगड गाडीच्या मागे चढवला. मागची चाकं दबली. आई बाळाला घेऊन पुढे बसली, गिरणीवाला मागे आपल्या दगडाला टेकून.

दगड चढवण्याआधीच मामा गाडीने तळ्यावरून पाणी भरून आला होता. भिंगरी मागच्या चाकाशी वाकली. एक वास येत होता, इस्त्री फार वेळ कापडावर राहिली तर येतो तसा. आई तव्यावर पाणी शिंपडते तसे तिने ओल्या बोटांनी चाकाच्या लोखंडावर थेंब उडवले. थेंब चर्रकन नाचले आणि उडून गेले.

"मामा! चाक तव्यासारखं तापलंय!"

"ब्रेक दाबला की तापतोच, शहाणे."

"पण तळं तर इथंच आहे. आणि मधे उतार पण नाही."

"भिंगरे!" मामाचा आवाज चढला. "बाळ तापानं फणफणतंय आणि तू चाकाचा ताप काय सांगतेस?"

आईने खिडकीतून तिच्या केसांवरून हात फिरवला. "शेजारी काकूंकडे थांब. रहाट कुरकुरतोय, तेवढं तेल घाल. आम्ही येतोच."

गाडी निघाली. कोणी "सोड!" म्हणून ओरडलं नाही. सोडायला काही नव्हतंच. इंजिन मोठ्याने कण्हलं, गाडी नाखुशीने हलली आणि वळणाआड गेली. तो करपट वास तेवढा अंगणात मागे राहिला.

भिंगरीने पडवीतला समाईक डबा काढला, रहाटासाठी वाटीत तेल ओतायला तिरका केला, आणि तेलाबरोबर काहीतरी काळं, बुळबुळीत घसरत बाहेर आलं.

तिला आधी कळलंच नाही. बेडकासारखं फुगलेलं, लिबलिबीत. मग तिने ते पुसलं. तिची टोपी होती. तिने दुसरी टोपी खिशातून काढली. दोघी एकाच दिवशी मिळालेल्या, एका मापाच्या जुळ्या बहिणी. कोरडी टोपी बोटावर चपखल बसली. डब्यातली इतकी सुजली होती की अंगठ्यावर घातली तरी डगडगत होती, आणि चिमटीत दाबली तर तिचा कडेचा तुकडा ओल्या भाकरीसारखा तुटून आला.

नाजूक पोटाची बाई. हिला दुसरं काही पचत नाही.

दुसरं म्हणजे ब्रेकच्या तेलाखेरीज कुठलंही तेल! आणि भिंगरीला दिसलं. चाकाच्या आत अंधारात बसलेल्या अशाच वाट्या, डबा पिऊन फुगलेल्या. म्हणून गळती थांबली. म्हणून तेल मागे फिरू शकत नव्हतं आणि पाय काढला तरी ब्रेक सुटत नव्हता. गाडीला धरून ठेवणारा भेटला होता. तोच घासून घासून चाक तापवत होता. उन्हात पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. मग तव्यासारख्या चाकातल्या तेलाचं काय होईल? वाफ झाली तर दाबायला काय उरेल?

पुढे खिंड होती. खिंडीनंतर नदीपर्यंत नुसता उतार, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही.

गाडीरस्ता शेतांना लांबलचक वळसा घालून खिंडीकडे जायचा आणि शेवटी एक खडा चढ चढायचा. पायवाट मात्र घरामागून झाडीतून सरळ वर जायची. भिंगरी कुंपणापलीकडे गेली. दगड गवतात पडला होता. तिने तो बाळाला घेते तसा कडेवर घेतला आणि पळत सुटली.

झाडीत पाखराचा आवाज नव्हता. स्वतःचा श्वास आणि खाली कुठेतरी म्हातारीचं कण्हणं, एवढंच. कण्हणं कधी डावीकडून यायचं, कधी उजवीकडून. काटे ओरबाडत होते. दगड बरगडीत रुतत होता. एकदा तिला वाटलं, टाकून द्यावा आणि मोकळं धावावं. पण हात सुटला नाही.

ती खिंडीच्या तोंडाशी पोचली तेव्हा गाडी चढाला लागली होती. रस्त्याच्या मधोमध उभी राहायला तिने पाऊल उचललं आणि परत घेतलं. ज्या गाडीला थांबता येत नाही, तिच्यासमोर उभं राहून काय उपयोग? ती कडेला सरकली आणि हात हलवत ओरडली, "मामा! उतारावर जाऊ नको! ब्रेक गेलाय!"

मामाने तिला पाहिलं. इतका चिडला की त्याचे ओठ हलताना दिसले. त्याने पाय ब्रेकवर ठेवला.

पाय खाली गेला. सरळ पत्र्याला टेकला. मधे काहीच नव्हतं, ना घट्ट, ना मऊ. त्याने दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही.

चढामुळे गाडीचा वेग आधीच मेला होता. ती क्षणभर थांबली. इंजिन एक धक्का देऊन बंद पडलं आणि गिअर निसटला. एवढी शांतता झाली की बाळाचं मुसमुसणं भिंगरीला रस्त्यावर ऐकू आलं. मग म्हातारीने तो जुना, ओळखीचा हुंदका दिला.

अंगणाचा उतार तो काय होता आणि तेव्हा गाडी रिकामी होती. इथे तिच्या पाठीवर जात्याचा दगड होता. चाकं आधी कुरकुरली, मग मागे फिरायला लागली. चढाच्या पायथ्याशी ओढ्यावरची मोरी होती आणि तिचा कठडा कधीच पडून गेला होता.

"दादा!" आई किंचाळली.

मामा गिअर टाकायला धडपडत होता, गिअर नुसताच खरखरत होता. त्याचा हात सवयीने हातब्रेककडे गेला आणि हातात पिशवी आली.

"दगड!" तो ओरडला. काय ओरडतोय हे त्याचं त्यालाही कळलं नसेल.

भिंगरी तोवर खाली धावली होती. चाकाच्या पुढे कधी जायचं नाही, बाजूने जायचं, बोटं आत ठेवायची नाहीत, ढकलायचं आणि सोडायचं. हजारदा केलेलं काम. तिने दगडाची निमुळती बाजू चाकाखाली सारली आणि हात मागे घेतला.

चाक दगडावर चढलं. दगड मातीत रुतला, सरकला, एक वीत, अजून एक वीत. मग करकरत थांबला.

कोणी हललं नाही. मागच्या चाकातून धुराची बारीक रेघ सरळ वर जात होती. आई बाळाला छातीशी धरून आधी उतरली. मग गिरणीवाला उतरला, त्याच्या तोंडावर पीठ नव्हतं तरी चेहरा पांढराफटक. मामा शेवटी उतरला. भिंगरीने खिशातून काढून त्याच्या तळहातावर दोन्ही टोप्या ठेवल्या, एक कोरडी, एक फुगलेली. मामाने त्या पाहिल्या. फुगलेली बोटांनी दाबली, ती तुटली. तो रस्त्याच्या कडेला खाली बसला.

"ताई," गिरणीवाला भिंगरीच्या आईला म्हणाला, "बाळाला द्या माझ्याकडे. पायवाटेनं नदीपर्यंत मी घेतो. जात्याचा दगड राहू दे इथंच."

आभाळ तसंच खाली टेकलं होतं. तापलेलं लोखंड टिक, टिक करत होतं आणि गाडी एवढ्याशा दगडावर आपला सगळा भार टाकून उभी होती.

आणि भिंगरीने काय केलं? ती दुसऱ्या चाकासाठी आणखी एक दगड शोधायला गेली.